पलीकडे कोणी राहत नाही

माझी थोरली जाऊ रंगुबाई हिच्याशी मी सात वर्षं एक शब्द बोलले नव्हते, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला माझी दया येणार असेल तर त्यानं ती दुसऱ्या कुणासाठी तरी राखून ठेवावी.

आमचं घर पलूसपासून चार मैलांवर, उसाच्या मधोमध. सासरे गेल्यावर घराच्या मधून भिंत घातली. अलीकडे मी, पलीकडे थोरली आणि भाऊसो, म्हणजे माझे थोरले दीर. माझा नवरा जयराज फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीला येणार. सासूबाई माझ्या वाटणीला आल्या, कारण थोरलीचे गुडघे गेले होते म्हणे. तीन वर्षं मी त्यांचं सगळं काढलं. हगणं-मुतणं, अंघोळ, भरवणं. शेवटचे दोन महिने त्यांच्या घशाखाली पेजसुद्धा उतरत नव्हती. आणि त्यांच्या तेराव्याला, भरल्या मांडवात, थोरली पदरानं डोळे पुसत म्हणाली, "म्हातारी उपाशी मेली वो." माझ्याकडे बघून म्हणाली. त्या दिवशी मी तोंड मिटलं ते मिटलंच.

अबोला धरलेली माणसं गप्प बसतात असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या भागात येऊन बघावं. उलट जास्तच बोलतात, फक्त एकमेकांशी नाही. मागच्या परड्यात थोरलीची म्हैस असते, सुंदरी. थोरलीला मला काही कळवायचं असलं की ती म्हशीला सांगते. "सुंदरे, उद्या नळाला पाणी न्हाई म्हणं." मग मी गुपचूप हंडे भरून ठेवते. मला काही सांगायचं असलं तर मी तुळशीला सांगते. "तुळसाबाई, कुणाचं तरी रेडकू सुटून माझ्या कोथिंबिरीत शिरलंय." मग पलीकडून कुणीतरी येऊन रेडकू ओढून नेतं. सात वर्षं सगळा कारभार असा चालला. ऐकायचं सगळं, पण ऐकलं असं दाखवायचं नाही. जिनं आधी मान वळवली ती हरली.

उंदरांचा विषय प्रियानं काढला. प्रियदर्शनी माझी एकुलती एक. साताऱ्याला फार्मसी शिकते, हॉस्टेलवर राहते. पहिल्या वर्षी दर शनिवारी घरी यायची. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. तिसऱ्या वर्षी नुसतं फोनवर "बघते" म्हणायला लागली. मी एकटी त्या अर्ध्या घरात टीव्हीशी भांडत बसायची. आणि एक दिवस तिचा फोन आला, "आई, दोन उंदरं संभाळशील का?"

"कालच एक झाडूनं मारलाय," मी म्हणाले. "त्योच ठिवते संभाळून. ये न्यायला."

मी चेष्टा करत नव्हते. उसाच्या पट्ट्यात उंदीर म्हणजे वैरी. कांड्या कुरतडतो, पोती फोडतो, बाळंतिणीच्या खोलीत शिरतो. आमच्यात त्याच्याविषयी प्रेमानं बोलणाऱ्याला लोक दवाखान्यात नेतील.

"ही तसली न्हाईत गं," प्रिया म्हणाली. "माणसाळलेली हायत. कुणीतरी हौसेनं दुकानातनं आणली आणि कंटाळा आल्यावर खोक्यात घालून एस.टी. स्टँडवर ठेवली. दोघी बहिणी हायत. हॉस्टेलवर ठेवू देत न्हाईत. तू घेतलीस तर मी दर रविवारी येत जाईन बघायला."

हे शेवटचं वाक्य तिनं आधी म्हटलं असतं तर एवढं बोलावं लागलं नसतं. दर रविवारी येणार म्हटल्यावर उंदीर कशाला, अजगर घेतला असता मी.

पण उंदीर आणायला साताऱ्याला गेले तर परीक्षा माझीच. कोरेगाव रस्त्याला नानासो नावाचे एक निवृत्त हवालदार राहतात. बावीस वर्षं फौजेच्या रेशन स्टोअरमध्ये उंदीर मारले आणि आता लोकांनी टाकलेले उंदीर गोळा करून बसलेत. प्रिया त्यांच्याकडे पिंजरे साफ करायला जायची. माझ्या घरची भांडी कधी तिनं घासली नाहीत, तो भाग वेगळा. माणूस असा खडूस की पाणीसुद्धा विचारलं नाही. मी बसायच्या आत समोर चार पानी फॉर्म ठेवला.

"दोघी मिळूनच न्यायच्या," ते म्हणाले. "एकटा उंदीर मी कुणाला देत न्हाई. एकटा झुरतो."

"बरं."

"दोन वर्सं जगत्यात, लय झालं तर तीन. तवर बघायचं. जमलं न्हाई तर हितं आणून द्यायचं, रस्त्यावर सोडायचं न्हाई. उदबत्ती लावता?"

"देवाला लावते की."

"त्या खोलीत न्हाई लावायची. छाती भरती त्यांची. फिनेल न्हाई, लाकडाचा भुसा न्हाई. कागदाचे तुकडे अंथरायचे आन् एक दिवसाआड बदलायचे. उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओला पंचा. रोज तासभर भाईर काढून अंगाखांद्यावर खेळवायचं. जमंल?"

"माणसाचं केलंय मी तीन वर्सं," मी म्हणाले. मला राग आला होता. "उंदराचं न्हाई जमणार व्हय?"

"माणूस तक्रार करतो," ते म्हणाले. "ही करत न्हाईत. शेवटपर्यंत दुखणं लपवत्यात. म्हणून इचारतोय."

फॉर्ममध्ये प्रश्न होता, घरात किंवा घराला लागून कुणी उंदराचं औषध टाकतं का? मी 'नाही' लिहिलं. पुढचा प्रश्न, घरात राहणाऱ्या सगळ्यांची संमती आहे का? मी 'हो' लिहिलं. माझ्या घरात मी राहत होते आणि माझी संमती होती. खोटं काय त्यात?

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. पुढच्या बुधवारी एस.टी.नं आमच्या घरी तपासणीला आले. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखे घरभर फिरले. पिंजऱ्याच्या तारांमध्ये बोट घालून बघितलं. मग वर बघितलं. मधली भिंत माणसांसाठी बांधलेली, ती पत्र्यापर्यंत नेलेलीच नव्हती. वर तुळईच्या बाजूला हातभर फट होती आणि तिथून पलीकडचा माळा दिसत होता.

"पलीकडं कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

थोरली त्या वेळी उसात भांगलायला गेली होती, भाऊसोही रानात. घर बंद, सामसूम. खरं सांगायचं तर मला विचार करावा लागला नाही. सात वर्षांची सवय होती.

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "अडगळ हाय."

"मग अडगळीत उंदरं असणार. भाईरची उंदरं आत आली तर रोग आणत्यात. ती फट बारीक जाळी लावून सिमेंटनं बुजवा."

बुजवते म्हणाले. पण गवंड्याला त्या फटीपाशी पोचायचं तर थोरलीच्या माळ्यावर उभं राहावं लागणार, आणि त्यासाठी तिला विचारावं लागणार. तुळशीला सांगून ते काम होण्यासारखं नव्हतं. मी काठीनं फटीत पोतं कोंबलं आणि मोकळी झाले.

त्या आल्या. एक शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाची, ती शेंगी. दुसरी काळी कुळकुळीत, पोटावर पांढरा ठिपका, ती काळुंद्री. नावं प्रियानं ठेवली. पहिले आठ दिवस मी चिमट्यानं खाणं आत सारत होते. शेपटी बघितली की अंगावर शहारा यायचा. नवव्या दिवशी शेंगी माझ्या हातावरून चढून खांद्यावर आली, मानेपाशी बसली आणि दात कराकरा वाजवायला लागली. मी जागच्या जागी थिजले, आता चावणार म्हणून. प्रियाला फोन केला तर ती हसत सुटली. "आई, सुखात असली की तशी करती ती."

माझ्या मानेपाशी सुखात बसावं असं बऱ्याच वर्षांत कुणाला वाटलं नव्हतं. मी तिला तासभर हलवलं नाही.

मग काय, लागला लळा. उकडलेल्या अंड्याचा बलक, वाफवलेला वाटाणा, ज्वारी, नानासोंनी दिलेल्या खाद्याच्या कांड्या. देव दुसऱ्या खोलीत हलवले. दोघी एकमेकींच्या अंगावर झोपायच्या, एकमेकींचे कान चाटायच्या. एका पिंजऱ्यात दोन बायका आणि भांडण नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते. आणि प्रिया दर रविवारी येत होती. सकाळच्या गाडीनं यायची, जमिनीवर मांडी घालून बसायची, दोघी तिच्या ओढणीतून पळापळ करायच्या आणि ती मला कॉलेजातलं सगळं सांगायची. दोन वर्षांत सांगितलं नव्हतं एवढं तिनं तीन महिन्यांत सांगितलं. गावातल्या बायका म्हणायच्या, राजेश्वरीला खूळ लागलंय. लागू दे. माझी पोर घरी येत होती.

दिवाळीच्या आधी सोयाबीनची पोती घरात आली. त्यांच्याबरोबर उंदीरही आले, दरवर्षी येतात तसे. एका सकाळी मी स्वयंपाकघरात चटणीसाठी दाणे सोलत होते. मागचं दार उघडं होतं. परड्यात थोरली धार काढायला बसली होती. तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला.

"सुंदरे, माळ्यावर लय उंदरं झाल्यात. आज निळ्या वड्या ठिवणार हाय म्या इखाच्या. वड्या उचलून कुठं कुठं नेत्यात मेली. ज्येनं हौसेची जनावरं पाळल्यात त्येनं आपापली बंद करून ठिवावी म्हणावं. फटी बुजवाव्यात."

मी दाणे मिक्सरच्या भांड्यात टाकले आणि बटण दाबलं. चटणी वाटून झाली तरी फिरवत राहिले. दाण्यांचं तेल सुटलं, भांडं गरम झालं, तरी फिरवत राहिले.

का? ते मी स्वतःला नंतर खूपदा विचारलं. तिनं 'हौसेची जनावरं' म्हटलं ते मला झोंबलं. त्यात मला म्हातारीवरून मारलेला टोमणा ऐकू आला, माणसाचं केलं नाही आणि आता उंदरांचं करते असा. तसं ती म्हणाली नव्हती. पण मी ते ऐकलं. आणि तिच्या सांगण्यावरून मी माझी जनावरं कोंडावीत, शिडी लावून तिच्या देखत फट बुजवावी, हे काही मला सोसणार नव्हतं. संध्याकाळी मी नेहमीसारखं पिंजऱ्याचं दार उघडलं. दोघी खोलीभर हिंडल्या. दुसऱ्या दिवशीही हिंडल्या, तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, दिवेलागणीला शेंगी हाक मारल्यावर आली नाही. कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. उचलली तर अंग थंड लागलं. नाकाला लाल लागलेलं. मी नानासोंना फोन केला.

"लाल म्हंजे सुकलेलं हाय का ओलं?"

"ओलं वाटतंय."

"आजारात, दगदगीत त्यांच्या डोळ्या-नाकातनं लाल पाणी येतं, ते रगत न्हवं. त्येनं घाबरायचं कारण न्हाई. पण ओलं म्हणताय, तर एक नीट सांगा, बाई. औषध टाकलंय का कुठं आसपास? खरं सांगा. उंदराला ओकता येत न्हाई. पोटात गेलं ते गेलं. पण निळी वडी असंल तर त्येच्यावर इंजेक्शन हाय. येळंत दिलं तर वाचतो."

त्यांनी याहून स्पष्ट काय विचारायचं होतं? मला ठाऊक होतं. थोरलीचं वाक्य शब्द न् शब्द माझ्या कानात होतं. पण हो म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. कुणी टाकलं? पलीकडे तर कुणी राहत नाही ना? तुम्हाला कधी कळलं? मग बंद का केल्या नाहीत? पहिल्या गाडीनं येऊन त्यांनी दोघींना नेलं असतं. आणि मग प्रिया कशाला येते दर रविवारी.

"न्हाई," मी म्हणाले. "औषध कुठं टाकणार?"

"मग उबदार ठिवा. साखरपाणी द्या. सकाळी सांगा मला."

मी तिला गरम पाण्याच्या बाटलीजवळ फडक्यात गुंडाळून ठेवलं. स्वतःला म्हणाले, लाल पाणीच आहे. आपण सांगितलेलं खोटं आपल्यालाच किती पटकन पटतं.

सकाळी शेंगी मेलेली होती. काळुंद्री तिच्या अंगावर चढून तिचे कान चाटत होती. पत्र्याची ट्रंक सरकवली तर मागे निळा चुरा पडलेला, आणि पोतं फटीतून खाली लोंबत होतं. मी काळुंद्रीला प्रियाच्या ओढणीत बांधून पलूसच्या जनावरांच्या डॉक्टरकडे पळाले. त्यांच्या दारात गाई आणि शेळ्या. मी उंदीर काढल्यावर लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. तिच्या पांढऱ्या पडलेल्या पंजांकडे बघून त्यांनी इंजेक्शन दिलं, तीन आठवड्यांचं औषध लिहून दिलं.

"दुसरी कवा गेली?" शेंगीचं ऐकून त्यांनी विचारलं.

"आज पहाटे."

"काल सायंकाळी आणली असती तर दोघी राहिल्या असत्या," ते सहज म्हणाले आणि पुढच्या शेळीकडे वळले.

प्रियाला मी फोनवर काय सांगितलं? सांगितलं की तुझ्या मोठ्या आईनं विष टाकलं, मला न सांगता. आणि मनाशी म्हटलं, हे खोटं नाही. तिनं म्हशीला सांगितलं, मला कुठं सांगितलं? प्रिया ओक्साबोक्शी रडली. "आई, तू सात वर्षं तिच्याशी बोलत न्हाईस ते काय उगाच न्हाई," ती म्हणाली. हे वाक्य ऐकायला मी सात वर्षं थांबले होते. ऐकलं आणि मी लगेच फोन ठेवला.

रविवारी प्रिया आली, आणि तिच्याबरोबर नानासो आले. हातात जाळीचा छोटा डबा. काळुंद्री खात नव्हती, कोपऱ्यात तोंड घालून बसायची, म्हणून ते तिला परत न्यायला आले होते. मी काही बोलायच्या आत प्रिया मागच्या दारानं परड्यात गेली. काळुंद्रीला पदरात घेऊन मी तिच्या मागे गेले, नानासोही आले.

"मोठ्या आई, तुमी मारलंसा तिला," ती ओरडली. "तुमाला आमचं काहीच बघवत न्हाई. आजीचं निमित्त करून माझ्या आईला बदनाम केलंसा, आता मुक्या जनावराचा जीव घेतलासा."

थोरली शेण भरत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "सुंदरे, सांगितलं हुतं का न्हाई म्या?"

नानासोंनी एकदा म्हशीकडे बघितलं, एकदा थोरलीकडे, एकदा माझ्याकडे. "ह्या कोण?" त्यांनी मला विचारलं.

"माझी जाऊ."

"कुठं राहत्यात?"

मी पलीकडच्या दाराकडे बोट केलं. माझी 'अडगळ' त्यांना आठवली, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"बाई, म्हशीला ऱ्हाऊ द्या," ते थोरलीला म्हणाले. "हिला सांगितलं हुतं का औषधाचं?"

थोरलीनं पाटी खाली ठेवली. शेणाचे हात तसेच धरून ती उभी राहिली आणि तिनं मान वळवली. सरळ माझ्याकडे. सात वर्षांत पहिल्यांदा. तिचे केस केवढे पिकले होते ते मला त्या दिवशी दिसलं.

"राजे," ती म्हणाली, "तू ऐकलंस का न्हाई, तेवढंच सांग. म्या दुसरं काय इचारत न्हाई."

नाही म्हणायला मला कुणाची भीती नव्हती. साक्षीला एक म्हैस होती. प्रियानं माझ्यावर विश्वास ठेवला असता, गावानंही ठेवला असता. पण काळुंद्री माझ्या पदरात शिरून बसली होती आणि तिचं अंग थरथरत होतं. आणि थोरलीनं मला नावानं हाक मारली होती. मला तिचा एवढा राग आला की मी खरं बोलले. ती म्हशीशीच बोलत राहिली असती तर मी आयुष्यभर खोटं बोलले असते.

"ऐकलं हुतं," मी म्हणाले. "मिक्सर लावला म्या. आन् नानासो, तुमी फोनवर इचारलंत तवाबी मला ठाऊक हुतं."

प्रिया माझ्याकडे बघत होती. लहानपणी ताप आला की बघायची तशी, की आता आई काहीतरी करेल आणि हे जाईल. मग ते बघणं थांबलं.

"आता पोरीला सांग," थोरली म्हणाली, "मोठी आई खुनी न्हाई म्हणून. आन् म्हातारीचं म्हणशील तर मला तवा जे दिसलं ते म्या बोलले. ते काय म्या मागं घेत न्हाई." तिनं पाटी उचलली आणि उकिरड्याकडे निघून गेली. भांडण मिटलं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. उलट आता तिच्याकडे सांगायला खरी गोष्ट होती.

नानासोंनी माझ्या पदरातून काळुंद्रीला हळूच काढलं आणि डब्यात ठेवलं. आत जुन्या कापडाचा तुकडा होता, त्यात ती शिरली. डब्याचं दार लावून ते म्हणाले, "हिला ओकता येत न्हवतं, बाई. तुमाला बोलता येत हुतं."

मी म्हणाले, "औषध तीन आठवडे द्यायचं हाय. सकाळी. केळ्याच्या कुस्करात घालून दिलं तर घेती." चिठ्ठी आणि बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि मला वाटतं तेवढ्यापुरता त्यांचा माझ्यावरचा राग कमी झाला.

प्रिया घरात परत आलीच नाही. तिच्यासाठी केलेल्या पुरणपोळ्या ओट्यावर झाकलेल्या होत्या. मी दारापर्यंत गेले, "दोन घास खाऊन जा" म्हणाले. ती नानासोंना म्हणाली, "चला, गाडी चुकंल."

पुढचे दोन रविवार ती आली नाही. फोन उचलला नाही. पिंजरा मी धुऊन उन्हात ठेवला, मग आत आणला, मग पुन्हा धुतला. फट मी गवंडी बोलावून बुजवून घेतली. थोरलीच्या माळ्यावर चढायचं आहे म्हणून मी तिच्या दारात जाऊन तिलाच विचारलं. ती "चढा की" म्हणाली आणि आत गेली. आता फट नाही आणि उंदीरही नाहीत.

तिसऱ्या रविवारी जयराजचा फोन आला. प्रिया हॉस्टेलवर असली की रविवारी ते तिकडून आम्हा दोघींना एकत्र फोन लावतात. मला वाटलं नव्हतं, पण प्रियानं उचलला. मी दोन मिनिटं काही बोललेच नाही, माझा आवाज ऐकून ती ठेवून देईल म्हणून.

"पप्पा," ती म्हणाली, "आईला सांगा, काळुंद्री खायला लागली. नानासोंनी तिला दुसऱ्या तिघींत सोडलीय. रात्री त्यांच्यातच झोपती."

"आगं, ती हाय की फोनवर," जयराज म्हणाले. "तूच सांग."

"तुमी सांगा. आन् सांगा, दिवाळीला मी येणार न्हाई."

बर्फातल्या चौकीवर बसलेला माणूस, त्याला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. मग ड्यूटीवर निरोप पोचवावा तसे ते मला म्हणाले, "राजेश्वरी, ती म्हणती काळुंद्री खायला लागली. दिवाळीला येणार न्हाई म्हणती. तिला काय सांगू?"

प्रियानं फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिच्या हॉस्टेलच्या जिन्यावर कुणीतरी बादली आपटली तेसुद्धा ऐकू आलं. मला तिला नावानं हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि सात वर्षांची जीभ आपल्या वाटेनं गेली.

"तिला इचारा," मी म्हणाले, "जेवली का."